प्रेरणा आटते की स्फूर्ती? ‘सुचणे’ या क्रियापदाच्या निमित्ताने

‘बरेच दिवस लिहिणे झाले नाही, तर माझी प्रेरणा आटली म्हणावे की स्फूर्ती आटली, आणि ती पुन्हा येण्याला मराठीत काय म्हणतात?’ असा प्रश्न एका लेखिकेने विचारला आहे. तिने स्वतः ‘प्रेरणेचे नूतनीकरण’ असा शब्दप्रयोग सुचवला असला, तरी नूतनीकरण परवान्याचे होते. मनाच्या व्यवहाराला तो शब्द मला कोरडा वाटतो.

‘प्रेरणा’ या शब्दात ‘ईर्’ म्हणजे हलवणे, गती देणे हा धातू आहे, त्यामुळे प्रेरणेला ढकलणारे कोणीतरी किंवा काहीतरी लागते. ती कोणाकडून तरी मिळते, घेता येते, देताही येते. ‘स्फूर्ती’च्या मुळाशी असलेल्या ‘स्फुर्’ या धातूचा अर्थ थरथरणे, लकाकणे असा आहे. बाहू स्फुरतात, अंगात स्फुरण चढते, तशीच ओळही स्फुरते. म्हणजे प्रेरणा हे लिहिण्यामागचे कारण, तर स्फूर्ती ही लिहिण्याच्या क्षणाची थरथर. (जाता जाता: सुटा शब्द ‘स्फूर्ती’ असा दीर्घ, पण समासात ‘स्फूर्तिस्थान’ असा ऱ्हस्व लिहावा.)

लेखिकेचे पत्र वाचताना मात्र जाणवते की तिची प्रेरणा शाबूत आहे, कारण लिहिता येत नाही याची तळमळ हीच प्रेरणा. तिला हवे आहे ते तिसरेच, म्हणजे सुचणे. या क्रियापदाचे व्याकरण मोठे बोलके आहे. आपण ‘मी लिहितो’ म्हणतो, पण ‘मी सुचतो’ म्हणत नाही. ‘मला ओळ सुचते’ या वाक्यात कर्ता ओळ आहे आणि लिहिणारा चतुर्थीत, देणे स्वीकारणाऱ्याच्या जागी उभा आहे. ‘लिही’, ‘वाच’, ‘खोड’ अशी आज्ञा स्वतःला करता येते, पण ‘सुचणे’ला तसे आज्ञार्थी रूप चालत नाही. म्हणून सुचत नसेल तेव्हा ज्यांना आज्ञार्थ आहे, त्या क्रियापदांकडे वळावे, असे मला मनापासून वाटते. परवा एका परिच्छेदात ‘संध्याकाळच्या उदास, धूसर उजेडात’ या शब्दांपुढे माझी लेखणी अडली होती. अखेरीस ‘उदास’ खोडले आणि त्या मोकळ्या जागेतून पुढचे वाक्य आले. उदासपणा विशेषणातच उरकून टाकल्यामुळे वाक्याला सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

आता ‘आटणे’. विहीर आटते तशी गायही आटते, पण गाईच्या बाबतीत मराठीत आणखी एक नेमका प्रयोग आहे, तो म्हणजे पान्हा चोरणे. दूध असते, पण गाय ते सोडत नाही. वासराने ढुशी दिली की तीच गाय पान्हावते. लेखकाच्या अशा काळाला ‘आटणे’ म्हणण्यापेक्षा ‘पान्हा चोरणे’ म्हणणे मला अधिक खरे वाटते, कारण आटणे या शब्दात संपल्याची भीती आहे आणि ती भीतीच पुष्कळदा लेखणी धरू देत नाही. विहिरीचीच प्रतिमा हवी असेल, तर ‘झरे बुजले’ म्हणावे. गाळ उपसला की बुजलेले झरे मोकळे होतात.

पुन्हा सुचू लागण्याला ‘उन्मेष’ हा शब्द आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताची प्रतिभेची व्याख्या प्रसिद्ध आहे: ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’, म्हणजे जिला नवनवे उन्मेष होतात ती प्रज्ञा म्हणजे प्रतिभा. उन्मेष म्हणजे डोळा उघडणे आणि निमेष म्हणजे मिटणे. व्याख्येत ‘नव’ दोनदा आले आहे, आणि जो डोळा पुन्हा पुन्हा नव्याने उघडतो तो मध्ये मिटलेला असणारच, म्हणून न सुचण्याचा काळ मी प्रतिभेच्या बाहेरचा मानत नाही. लेखिकेला हवे असलेले वाक्य मी असे लिहीन: ‘बरेच दिवस काही सुचत नव्हते, आता नवा उन्मेष जाणवतो आहे.’ अजून तो जाणवत नसेल, तर वाक्याचा पहिला अर्धा भाग आजच लिहिता येईल.