वाचक विचारतात : पाच राष्ट्रं, एकवीस ठाणी

प्रश्न : गणेशोत्सवात आमचं मंडळ काल्पनिक राष्ट्रांच्या युद्धनीतीची स्पर्धा घेणार आहे. १४ ते ४० वयाच्या पंचवीस जणांनी नावं दिली आहेत. गेल्या वेळी पाळीपाळीने चाली ठेवल्या, तर 'आधी मी पोहोचलो होतो' यावरूनच भांडणं लागली आणि डाव अर्ध्यावर मोडला. नकाशा आणि नियम कसे बसवावेत?
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : भांडणाचं मूळ पाळीपाळीने चालण्यातच आहे. जो नंतर चालतो त्याला आधीच्याची चाल दिसलेली असते. त्यामुळे सगळ्यांनी एकाच वेळी हुकूम लिहावेत, घडी घालून डब्यात टाकावेत आणि पंचाने ते एकदम उघडावेत. ॲलन कॅलहॅमर यांच्या १९५९ साली बाजारात आलेल्या 'डिप्लोमसी' या खेळाचा हाच पाया आहे : सात सत्ता, ३४ ठाणी (नकाशावरचे ताब्यात घ्यायचे मोक्याचे मुलूख; जितकी ठाणी तितक्या पलटणी), १८ ठाणी घेतली की जिंकलात, आणि फासा अजिबात नाही. सात जणांचा पूर्ण डाव मंडळाच्या वेळात बसवणं कठीण. म्हणून त्याच पायावर पाच राष्ट्रांची मांडणी सुचवतो.

नकाशावर ३० ते ३५ मुलूख काढा. पाच राष्ट्रं गोलाकार बसवा आणि प्रत्येकाला तीन घरची ठाणी द्या. शेजारच्या दोन राष्ट्रांमध्ये एकेक खुलं ठाणं ठेवा आणि मधोमध एक. एकूण २१ झाली. ११ मिळाली की डाव जिंकला. दोघांमधलं खुलं ठाणं दोन्ही बाजूंनी सारख्याच चालींवर हवं, म्हणजे पहिल्याच चालीपासून शेजाऱ्याशी बोलणं भाग पडतं. हे अंतर प्रत्येक बाजूने बोट ठेवून मोजा. नजरेने बरोबर वाटलेला नकाशा हमखास एका राष्ट्राला एक चाल जवळ निघतो आणि तेच राष्ट्र प्रत्येक टेबलावर पुढे राहतं.

काढताना सर्वांत मोठी चूक होते ती चौफुलीची. चार मुलूख एकाच बिंदूत मिळाले, की तिरकं जाता येतं का, यावर तासभर वाद. तीनच सीमा एका ठिकाणी मिळू द्या. नदी किंवा सामुद्रधुनी ओलांडता येत असेल तर तिथे बाण छापा. मुलखांची नावंही जपून ठेवा. घाईच्या अक्षरात घ आणि ध, भ आणि म ओळखू येत नाहीत, तेव्हा 'घोडखिंड' आणि 'धोंडखिंड' एकाच नकाशावर नकोत. प्रत्येक मुलखाला अंकही द्या आणि हुकमात नाव व अंक दोन्ही लिहायला सांगा.

हुकूम तीनच : चाल, थांबा, कुमक. कुमक म्हणजे शेजारच्या पलटणीला जोर देणं, मग ती चाल करून जात असो वा थांबलेली असो. समजा देवराई, कातळकोट आणि खिंड हे शेजारचे मुलूख आहेत. देवराईची पलटण खिंडीत घुसते आहे आणि कातळकोट तिला कुमक देतो, तर जोर २; खिंडीतली पलटण एकटी, जोर १. ती हटते. पण तिसऱ्या कुणी कातळकोटावर चाल केली, तर कुमक तुटते, जोर १ विरुद्ध १ होतो आणि कुणीच हलत नाही. अपवाद एकच : कातळकोटावरचा हल्ला खिंडीतूनच आला असेल, तर कातळकोट पडल्याशिवाय कुमक तुटत नाही. हा अपवाद छापील नियमपत्रकात ठळक टाका, कारण पंचांचे निम्मे चुकीचे निकाल इथेच होतात. दोन शेजारी पलटणींनी जागांची अदलाबदल करायची नाही. तिघींनी गोल फिरलं तर चालतं. हटलेली पलटण शेजारच्या मोकळ्या मुलखात जाते, पण हल्लेखोर जिथून आला तिथे किंवा याच चालीत बरोबरी होऊन रिकाम्या राहिलेल्या मुलखात नाही. जागाच नसेल तर ती संपली. चुकीचा, अर्धवट किंवा वाचता न येणारा हुकूम 'थांबा' धरावा. इथे पंचाने दया दाखवली की पुढच्या चिठ्ठीपासून प्रत्येकजण 'मला असं म्हणायचं होतं' सुरू करतो.

खेळातल्या एका वर्षात दोन चाली. दुसरी चाल संपल्यावर ठाण्यांची मालकी मोजा. जितकी ठाणी तितक्या पलटणी. नवी पलटण फक्त घरच्या, ताब्यातल्या आणि मोकळ्या ठाण्यावरच उभी राहते. बोलण्याला १० मिनिटं, लिहायला ३, निकालाला ५. दोन चालींचे ३६ आणि भरतीचे ४, म्हणजे वर्षाला ४० मिनिटं. पाच वर्षांचा डाव तीन तास वीस मिनिटांत होतो. शनिवारी दुपारी एक फेरी आणि रविवारी दोन घ्या. अनंत चतुर्दशीच्या आसपासचे दिवस मात्र टाळा. झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या, गडबडीत इंदुरात खेळाडूही वेळेवर यायचे नाहीत आणि पंचही.

सामान खजुरी बाजारात मिळेल. नकाशा सनबोर्डवर चिकटवून मॅट लॅमिनेशन करा. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि सोंगट्या घसरतात. पलटणींसाठी पाच रंगांची शर्टाची बटणं, प्रत्येक रंगाची १२, म्हणजे टेबलाला ६०. ठाण्यांच्या मालकीसाठी रंगीत टिकल्या उत्तम. चिकटतात आणि डाव संपला की निघतात. चिठ्ठ्या एका फेरीत खेळाडूमागे १५, तीन फेऱ्यांना मिळून ११२५. ए-४ कागदाचे चार तुकडे केले तर २८२ कागद लागतात. एक रीम पुरून तहनाम्यांनाही उरेल. पंख्याखाली टेबल लावू नका.

प्रश्न : पंचवीस जणांना टेबलं कशी वाटायची? गेल्या वेळी दोन मित्र प्रत्येक फेरीत एकत्र आले आणि सगळ्यांना संशय आला.
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : संशय रास्तच होता. सोडत फक्त एकदाच काढा आणि नावं पाच बाय पाचच्या चौकटीत लिहा. पहिल्या फेरीत प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक टेबल, दुसऱ्या फेरीत प्रत्येक उभी ओळ, तिसऱ्या फेरीत एक घर खाली, एक घर उजवीकडे अशी तिरकी ओळ. कडेला पोहोचलात की पलीकडच्या कडेपासून पुढे मोजा. तीन फेऱ्यांत कोणतेही दोघे दुसऱ्यांदा एका टेबलावर येत नाहीत.

राष्ट्रंही यातच बसतात. चौकटीच्या पहिल्या ओळीत राष्ट्रक्रमांक १ २ ३ ४ ५ लिहा, दुसरीत २ ३ ४ ५ १, तिसरीत ३ ४ ५ १ २, असेच पुढे. पहिल्या फेरीत ज्याच्या घरात जो अंक, ते त्याचं राष्ट्र. पुढच्या प्रत्येक फेरीत सगळ्यांनी एक राष्ट्र पुढे सरकायचं, पाचनंतर एक. कुठल्याच टेबलावर राष्ट्र दुहेरी होत नाही आणि कुणालाही तेच राष्ट्र परत मिळत नाही. हे वेळापत्रक आधीच भिंतीवर लावा.

गुण ठाण्यांच्या वर्गाने द्या. टेबलावर ८, ६, ४, ३, ० ठाणी असतील तर वर्ग ६४, ३६, १६, ९, ०; बेरीज १२५. आपला वर्ग भागिले बेरीज, गुणिले १०० : ५१.२, २८.८, १२.८, ७.२ आणि शून्य. 'आपण सगळे बरोबरीत थांबू' अशी हातमिळवणी यात परवडत नाही, तरी तिसऱ्या-चौथ्यालाही शेवटपर्यंत खेळावंसं वाटतं. फक्त विजेत्याला गुण दिलेत, तर मागे पडलेला खेळाडू आपली सगळी ठाणी रागाने एकालाच देऊन मोकळा होतो, आणि तो निकाल कुणालाच न्याय्य वाटत नाही.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. या खेळात शब्द मोडायला परवानगी असते असं कळलं. हे तिला शिकवावं का?
— एक आई, इंदूर

उत्तर : ताई, काळजी योग्य आहे, आणि मंडळाने ती गांभीर्याने घ्यावी. खेळात बोललेला आणि लिहिलेला कोणताही तह बांधील नसतो. बांधील असतो तो फक्त डब्यात पडलेला हुकूम. हे पहिल्या फेरीआधी पंचाने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायला हवं. न सांगता पहिला दगा झाला तर मुलं तो मैत्रीतला दगा समजतात आणि रडतात. खेळाबाहेरचं आमिष, म्हणजे गृहपाठ, पैसे, खाऊ, पूर्ण बंद. दुसऱ्याची चिठ्ठी पाहणं, पंचाच्या नावाने खोटं सांगणं, आवाज चढवणं यांना पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा फेरीचे गुण शून्य. अठराखालच्यांचं टेबल वेगळं ठेवता आलं तर फार बरं. चाळिशीच्या माणसाने चौदा वर्षांच्या मुलीला गोड बोलून फसवणं आम्हाला खेळातही पटत नाही. मात्र मग वरची पंचवीसची चौकट मोडते, आणि दोन्ही गटांच्या सोडती वेगळ्या काढाव्या लागतात. तेवढे कष्ट घ्यावेत. फेरीनंतर पंचाने दहा मिनिटं सगळ्यांचे हुकूम वाचून दाखवावेत. कुणी कुठल्या अडचणीतून काय केलं हे कळलं की राग उतरतो.

राष्ट्रांच्या नावांबद्दलही इथेच सांगतो : जात, गल्ली, खरे शेजारी देश यांचा मागमूसही नको.

प्रश्न : शत्रूची पलटण कुठे आहे हे दिसूच नये, असं करता येतं का? खऱ्या सैन्यात तसंच असतं ना?
— महू

उत्तर : येतं. प्रशियाचे अधिकारी फॉन राइसविट्झ यांनी १८२४ साली मांडलेल्या युद्धखेळात हीच सोय होती : १:८००० प्रमाणाचे नकाशे, एक चाल म्हणजे लढाईतली दोन मिनिटं, आणि कुणाला काय दिसलं हे ठरवणारा पंच. त्यासाठी प्रत्येक पक्षाचा एक आणि पंचाचा एक नकाशा लागतो. पाच राष्ट्रांना सहा नकाशे झाले आणि निकालाचा वेळ पाचावरून पंधरा मिनिटांवर जाईल. दोनच पक्ष, दोन खोल्या आणि तीन नकाशे घेऊन आधी एक डाव करून पाहा.

प्रश्न : आयत्या वेळी दोघं आले नाहीत तर?
— रामबाग, इंदूर

उत्तर : दोन राखीव खेळाडू आधीच तयार ठेवा, स्पर्धेत नसलेले, गुण न घेणारे. तेही नसतील तर त्या राष्ट्राच्या सर्व पलटणींना प्रत्येक चालीत 'थांबा' धरा, आणि दोन रिकामी राष्ट्रं एकाच टेबलावर येत असतील तर एका जागी पंचाचा मदतनीस बसवा.