वाचकांचे प्रश्न : बेळगावात बसून समुद्रासाठी काय करणार?

प्रश्न : आमचा कॉलेजचा पंचवीसेक पोरापोरींचा ग्रुप आहे. एका रविवारी बस करून वेंगुर्ल्याला बीच साफ करायला जायचं ठरवलंय. घरचे म्हणतात पिकनिकला निमित्त शोधलंय. खरंच उपयोग होतो काय ओ? — टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : घरचे अर्धे बरोबर बोलायलेत, राग मानू नका. एका रविवारी उचललेला कचरा पुढच्या मोठ्या भरतीला परत तिथंच येऊन पडतोय, कारण तो समुद्रातनं, खाडीतनं, वरच्या नाल्यातनं येतच असतो. मुंबईत वर्सोव्याला अफरोज शाह नावाच्या वकिलानं 2015 च्या ऑक्टोबरात सफाई सुरू केली, ती एका दिवसाची नव्हती, दर आठवड्याला, महिनोन् महिने, आणि किनाऱ्यावर राहणारी माणसं हळूहळू जोडली गेली म्हणून ती टिकली. 2018 मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली, कित्येक वर्षांनी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, जा, पण तिथल्या माणसांना विचारून जा. तारीख त्यांना ठरवू दे. गोळा केलेला कचरा पुढं कुठं जाणार ते आधी विचारा, नाहीतर शंभर पोती भरून बीचच्या कडेला ठेवून, फोटो काढून बसमध्ये बसायचं आणि कुत्री ती पोती फाडणार, हे मी बघितलंय. वाळूवर पसरलेला हिरवा वेल दिसेल, जांभळी फुलं येतात त्याला, मर्यादवेल म्हणतात, तो उपटू नका, वाळू धरून ठेवायचं काम तोच करतोय. नायलॉनची तुटकी जाळी दिसली तर मात्र ती पहिली उचला, बाटलीपेक्षा ती जास्त जीव घेते. वाळूत रुतली असली तर ओढाताण नको, कापून काढायची.

आणि पिकनिक करायचीच असली तर वेंगुर्ल्यातच मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतनं कांदळवन (खाडीकाठी खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल) दाखवतात, 2017 पासनं. मच्छीमार घरातल्या बायका आहेत. तुमच्या तिकिटाचे पैसे त्यांच्या घरात गेले की कांदळवन उभं राहण्यात त्यांचा फायदा, तोडण्यात नाही. तुमच्या एका दिवसाच्या सफाईपेक्षा ह्यानं जास्त काम होतंय, असं मला तरी वाटतं.

उलटं उदाहरण पण सांगतो. मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29 चौरस किलोमीटरचं. "आम्हाला न विचारता केलं" म्हणून मच्छीमारांचा विरोध, आणि इतकी वर्षं ते बरंचसं कागदावरच. ज्याची होडी त्या पाण्यात जाते त्याला बाजूला ठेवून समुद्र राखता येत नाही ओ.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले, समुद्र घाटाच्या खाली. आमच्या गावच्या ओढ्याचा आणि समुद्राचा काय संबंध? शाळेत पोरांना सांगायचं आहे. — एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : बाई, तुमच्या तालुक्याएवढं भारी उदाहरण शोधून सापडणार नाही. एकाच तालुक्यातनं पाणी दोन समुद्रांना जातंय! कणकुंबीला मलप्रभा उगवते, ती पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. आणि त्याच डोंगरातनं म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात तिलाच मांडवी म्हणतात, पणजीला अरबी समुद्र. (म्हादईवरनं कर्नाटक-गोव्याचं जे पाण्याचं भांडण आहे त्यात मला ओढू नका, त्यावर बोलणारे भरपूर आहेत.)

आता ह्यातला फरक पोरांना सांगा. कृष्णेच्या वाटेवर नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठमोठी धरणं आहेत, प्लास्टिक बरंचसं तिथंच अडकतं, गाळात जातं. म्हादईच्या मुख्य पात्रात असं मोठं धरण नाही आणि अंतर पण थोडंच. म्हणजे चोर्ला घाटात गाडी थांबवून मक्याचं कणीस खाऊन जी प्लास्टिकची पिशवी आपण खाली टाकतो ती पावसाळ्यात ओहोळातनं म्हादईत आणि तिथनं पणजीजवळच्या चोडण बेटाच्या कांदळवनात जाऊन मुळांना गुंडाळून बसायला किती दिवस लागणार? तिथं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. कांदळवनाची मुळं श्वास घ्यायला चिखलातनं वर येतात, त्यावर प्लास्टिक बसलं की झाड गुदमरतं, आणि मासे-कोळंबीची पिल्लं त्याच मुळांत वाढतात.

बेळगाव शहरवाल्यांनी पण हसू नये. बळ्ळारी नाला मार्कंडेयला, मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. पोरांना नकाशा देऊन बोट फिरवायला लावा, पाठ करून घेऊ नका.

प्रश्न : बाजारात बोटाएवढे बांगडे, सुरमईची पिल्लं स्वस्तात मिळतात. घ्यावीत की नको? आणि पावसाळ्यात मासे खाऊच नयेत असं म्हणतात ते खरं काय? — एक गृहिणी, निपाणी

उत्तर : पिल्लं नको, ताई. एकदा पण अंडी न घातलेला मासा पकडला की पुढच्या साली मासा कुठनं येणार. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांचं कमीत कमी आकारमान ठरवून दिलंय, त्याहून लहान मासा धरायचा नाही. पण नियम बंदरावर राहतो आणि बाजारात गिऱ्हाईक असतं, म्हणून लहान मासा येतोच. नेहमीच्या मासेवालीला सांगा, "बारके आणलेस तर मी घेत नाही." चार घरांनी सांगितलं की ती तिच्या गाडीवाल्याला सांगते.

पावसाळ्याचं म्हणाल तर पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण बऱ्याच माशांचा तो अंडी घालायचा काळ. समुद्राचा श्रावण आपल्या श्रावणाच्या आधी येतो म्हणा. छोट्या पारंपरिक होड्यांना मुभा असते. त्या दिवसांत "ताजी सुरमई" म्हणून कोण ढीग लावून बसला असेल तर तो बर्फातला किंवा लांबनं आलेला माल. नदीचा, तळ्याचा मासा खावा, रोहू-कटला काय वाईट नाही. (आमच्या घरात हे मान्य नाही, ते सोडा.)

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासवाची पिल्लं सोडतात ते बघायला जायचंय. हातात घेऊन फोटो काढता येतो काय? — चिकोडी

उत्तर : नाही. तिथली कासवं ऑलिव्ह रिडले जातीची, ती वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाच्याच यादीत आहेत, शेड्यूल एकमध्ये. शिवाय पिल्लानं वाळूवरनं स्वतः चालत पाण्यात जायचं असतं, उचलून पाण्यात टाकायचं नाही. ती उजेडाकडे ओढली जातात, म्हणून फ्लॅश आणि टॉर्च बंद. वेळासला पूर्वी कासवाची अंडी उकरून विकायचे. 2002 पासनं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला धरून ती अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस. आता पाहुण्यांच्या राहण्या-जेवणातनं गावाला पैसे मिळतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, गावातला माणूस सांगेल तसं करायचं. मार्च-एप्रिल बरा, पण घरगुती राहायची सोय आधी फोन करून ठरवा आणि त्या दिवशी पिल्लं येतीलच असं धरून जाऊ नका.