वाचकांचे प्रश्न : ब्लॉगवरच्या जाहिराती आणि फुकटचा मुक्काम

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. हौसेने चालवलेल्या ब्लॉगवर जाहिराती किंवा प्रायोजक घेऊन चार पैसे मिळतील का, आणि मिळवताना काय सांभाळावे, असे मालवणपासून दापोलीपर्यंतच्या वाचकांनी विचारले आहे. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मी मालवण तालुक्यात राहते आणि तीन वर्षांपासून मालवणी पाककृतींचा मराठी ब्लॉग लिहिते. गेल्या वर्षी त्यावर गूगल ॲडसेन्सच्या, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या, जाहिराती सुरू केल्या. मे महिन्यात पाने ३० हजार वेळा वाचली गेली आणि खात्यात ११ डॉलर जमले. जुलैमध्ये ४ डॉलरच आले. माझे काही चुकते आहे की मराठीत इतकेच मिळतात? गणपतीला मुंबईहून घरी येणाऱ्या चाकरमान्यांना जाहिराती दाबायला सांगितले तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात हातचे खाते गमावण्याचा धोका आहे. नातलगांना, मित्रांना किंवा वाडीतल्या कोणालाही जाहिराती दाबायला सांगू नका आणि स्वतःही दाबू नका. एकाच घरातून, चार-पाच दिवसांत झालेले असे क्लिक गूगलच्या यंत्रणेला सहज ओळखू येतात. त्यांचे पैसे कापले जातात आणि प्रकार गंभीर वाटला तर खातेच बंद होते. शिवाय २०२४ पासून ॲडसेन्स मुख्यतः जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे देते, किती वेळा दाबली गेली यावर नव्हे, त्यामुळे या खटाटोपातून हाती फारसे काही लागणारही नाही. चाकरमान्यांना मदत करायचीच असेल तर त्यांनी आपल्या पाककृती मुंबईच्या घरी करून पाहाव्यात आणि कुठे माप चुकले ते कळवावे.

आता रकमेविषयी. आपले काही चुकलेले नाही. वाचकाने पान उघडले की त्या क्षणात जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो, आणि बोली किती लागेल हे वाचक कोणत्या देशात आहे, पानाचा विषय काय आहे, भाषा कोणती आहे आणि महिना कोणता आहे यावर ठरते. आपण बंदरावरचा लिलाव पाहत आला आहात. व्यापारी कमी आले त्या दिवशी तीच सुरमई कमी भावाने जाते, त्यात सुरमईचा दोष नसतो. ॲडसेन्सने हिंदी भाषा २०१४ च्या डिसेंबरात स्वीकारली आणि मराठीला त्यानंतर जागा मिळाली. आजही मराठी पानांवर बोली लावणारे जाहिरातदार इंग्रजीच्या मानाने थोडे आहेत. कर्ज किंवा विमा अशा विषयांना बोली चढी लागते, सोलकढीला लागत नाही. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत दर वाढतात आणि जानेवारीत उतरतात. जुलैतील घट तर अपेक्षितच होती, कारण सुट्टी संपलेली असते, पावसामुळे पर्यटक येत नाहीत आणि मासेमारीही ३१ जुलैपर्यंत बंद असल्याने माशांच्या पाककृती शोधणारे कमी होतात.

ॲडसेन्स १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही. मे महिन्याचा वेग वर्षभर टिकला तरी तिथवर पोहोचायला आपल्याला नऊ-दहा महिने लागतील, आणि तो टिकणार नाही हे आपण पाहिलेच आहे. तेव्हा या रकमेकडे ब्लॉगच्या नावाचे आणि जागेचे वार्षिक भाडे निघण्याची सोय म्हणून पाहावे, घरखर्चाची बेगमी म्हणून नव्हे.

रक्कम वाढवण्यासाठी एकेका पानावर जाहिरातींची गर्दी करण्याचा मोह होतो, आणि हा मोह आवरा असे मला आग्रहाने सांगायचे आहे. आपली पाककृती कोण वाचते ते डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर फोन टेकवलेला आहे, हाताला वाटण लागलेले आहे, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे किती घालायची हे पाहायला ती बाई कोपराने पडदा सरकवते, आणि नेमक्या त्या ओळीवर मोबाईलची जाहिरात उघडून पान खाली घसरते. एखाद्या खाडीकाठच्या गावात, जिथे रेंज खिडकीपाशीच मिळते, तिथे ते पान पुन्हा उघडेपर्यंत फोडणी करपते. ती बाई परत येत नाही. साहित्याची यादी आणि कृती यांच्या मध्ये एकही जाहिरात ठेवू नका. वर एक आणि लेख संपल्यावर एक पुरे.

आपल्यासारख्या ब्लॉगला खरा आधार थेट प्रायोजकाचा मिळू शकतो. तालुक्यातला मसाला करणारा बचत गट, कोकमाचे आगळ आणि आमसुले विकणारे कुटुंब, घाण्याचे खोबरेल काढणारा उद्योजक यांना आपला वाचक हवा असतो, कारण तो स्वयंपाकघरातच उभा असतो. ३० हजार वाचनांसाठी लिलावात ११ डॉलर आले, पण त्याच वाचकांपैकी पंचवीस जणांनी मसाल्याचे पाकीट मागवले तर त्या गटाला त्याहून कितीतरी जास्त मोल मिळते. त्यांच्याशी महिन्याच्या नव्हे, हंगामाच्या हिशेबाने बोला. मात्र खाद्यपदार्थाची जाहिरात घेण्याआधी पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक आहे का, हे स्वतः पाहा आणि तो पदार्थ आधी स्वतःच्या घरी वापरा.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातला असून कोकणातल्या भटकंतीवर लिहितो. समुद्रकाठच्या एका निवासाच्या मालकांनी दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवण मोफत देऊ केले आहे. लेख चांगला असावा, आधी त्यांना दाखवावा आणि ‘प्रायोजित’ असे कुठेही लिहू नये, अशा त्यांच्या अटी आहेत. पैसे घेतले नाहीत तर ती जाहिरात कशी, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय देवगडच्या एका आंबा बागायतदारांना हंगामासाठी प्रायोजक व्हायचे आहे. त्यांना दर काय सांगावा?

उत्तर : पैसे घेतले नाहीत म्हणून ती जाहिरात नाही, हे म्हणणे चूक आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने १४ जून २०२१ पासून आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, त्यांत रोख रकमेबरोबरच मोफत मुक्काम, भेटवस्तू, सवलत आणि नातेसंबंध हे सारे ‘संबंध’ म्हणून मोजले आहेत आणि ते वाचकाला ठळकपणे सांगणे बंधनकारक केले आहे. ही सूचना लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत नव्हे, तर वाचकाच्या नजरेस सहज पडेल अशी सुरुवातीलाच हवी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, तिची शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शिफारसी करण्यास एक वर्षाची बंदीही येऊ शकते.

कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते, आणि त्याला माझ्या अनुभवाचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका निवासात मी डिसेंबरात दोन रात्री मोफत राहिले आणि मनापासून चांगला लेख लिहिला, पण मुक्काम मोफत होता हे लिहिले नाही. लेखातले प्रत्येक वाक्य खरे होते. एप्रिलअखेरीस पुण्याचे एक कुटुंब, सोबत ऐंशीच्या घरातल्या आजी, तो लेख वाचून तिथे गेले. विहिरीचे पाणी तोवर मचूळ झाले होते आणि रस्त्यापासून घरापर्यंतच्या जांभ्याच्या पायऱ्या आजींना उतरता आल्या नाहीत. त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यावे लागले. परत गेल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न लिहून पाठवला : तुम्ही स्वतःचे पैसे भरून राहिला होतात का? त्या पायऱ्या मीही उतरले होते. त्यांविषयी मी लिहिले नव्हते, कारण यजमानांनी प्रेमाने वाढलेल्या जेवणानंतर ते लिहायला माझा हात धजला नाही. मोफत मुक्कामाने माणूस खोटे लिहितो असे नाही, पण काही गोष्टी त्याच्या लेखणीतून गळतात, आणि म्हणूनच तो मोफत होता हे वाचकाला कळले पाहिजे.

तेव्हा मालकांना नम्रपणे सांगा की, लेखाच्या सुरुवातीला ‘हा मुक्काम निवासाच्या मालकांनी मोफत दिला होता’ हे वाक्य राहील. मसुदा दाखवायला हरकत नाही, पण तो फक्त दर, दूरध्वनी क्रमांक आणि खोल्यांची संख्या तपासण्यासाठी असेल. मत बदलले जाणार नाही. रस्ता, पायऱ्या, उन्हाळ्यातले पाणी आणि वीज गेल्यावरची सोय यांविषयी आपण लिहिणारच, हेही आधीच सांगा. हे मान्य नसेल तर त्यांना लेख नव्हे, जाहिरात हवी आहे. मग लेखाशेजारची जागा त्यांना रोख दराने विका, त्यावर ‘जाहिरात’ असे लिहा आणि मजकूर त्यांचा त्यांना देऊ द्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

बागायतदारांच्या बाबतीत दराआधी एक गोष्ट पाहा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने पेटीत भरला जातो हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगायला नको. बागायतदारांची मानांकनाखाली नोंदणी आहे का ते विचारा, बागेत स्वतः जाऊन या आणि आंबा कशाने पिकवतात ते पाहा. शिफारस करणाऱ्याने खातरजमा केलेली असावी, अशी कायद्याचीही अपेक्षा आहे.

दर ठरवताना शब्दांच्या संख्येचा विचार सोडा. आपला जाण्यायेण्याचा खर्च, छायाचित्रे आणि लेखन यांत गेलेले दिवस यांची बेरीज करा, म्हणजे त्याखाली जायचे नाही ती पातळी कळेल. मग बागायतदारांना विचारा की, पाच डझनांची एक पेटी थेट ग्राहकाला विकली तर दलालाकडे देण्यापेक्षा त्यांना किती जास्त सुटतात. आपल्या लेखामुळे हंगामात किती पेट्या जाऊ शकतील याचा दोघांनी मिळून जपून अंदाज करा आणि त्या पेट्यांवर सुटणारी जादा रक्कम आणि आपली खालची पातळी यांच्या मध्ये कुठेतरी थांबा. पहिल्या वर्षी थोडे खालीच थांबलेले बरे, पण मागणी नोंदवताना ग्राहकाने सांगायचा एखादा शब्द ठरवून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी अंदाजाऐवजी नोंद हाती असेल. मजकूर फेब्रुवारीच्या मध्याला प्रसिद्ध व्हायला हवा, कारण पहिल्या पेट्यांची मागणी मार्चमध्येच सुरू होते. मेअखेरीस पाऊस तोंडावर आल्यावर केलेल्या जाहिरातीचा उपयोग नाही.

अर्धी रक्कम आगाऊ घ्या. ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणे आपल्याकडे अवघड वाटते, पण किती लेख, किती महिने, किती रुपये आणि ‘जाहिरात’ हा शब्द राहणार, एवढे चार ओळींत व्हॉट्सॲपवर लिहून त्यांची संमती घेतली तरी पुढची कटुता टळते. बिलावर आपला पॅन क्रमांक लिहा. ही सर्व रक्कम प्राप्तिकराच्या दृष्टीने उत्पन्न आहे, वस्तूच्या किंवा मुक्कामाच्या रूपाने मिळालेला लाभसुद्धा. मोठी कंपनी वर्षाला २० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तू देत असेल तर १ जुलै २०२२ पासून तिला त्यावर १० टक्के कर कापावा लागतो, त्यामुळे भारी कॅमेरा भेट म्हणून स्वीकारताना हा हिशेब आधी विचारून घ्या. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची चिंता सहसा नसते.

प्रश्न : मी दापोलीजवळ राहतो आणि समुद्री कासवांविषयी लिहितो. एका अनोळखी व्यक्तीने ईमेलने तयार लेख पाठवून तो माझ्या ब्लॉगवर टाकण्यासाठी पाच हजार रुपये देऊ केले आहेत. लेख पर्यटनाचा आहे, पण मध्ये पैसे लावून खेळायच्या एका संकेतस्थळाचा दुवा आहे. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. त्या व्यक्तीला आपला लेख किंवा वाचक नको आहे. वर्षानुवर्षे वेळासच्या कासवांवर प्रामाणिकपणे लिहून आपल्या ब्लॉगने गूगलच्या शोधात जी पत मिळवली ती तिला दुव्यातून हवी आहे. पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला पानाच्या संकेतलिपीत ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावावी, असा गूगलचा नियम आहे. ती न लावता दुवा दिला तर आपली पाने शोधात मागे पडू शकतात किंवा दिसेनाशी होऊ शकतात, आणि खूण लावतो म्हटले की असे लोक बहुधा परत उत्तर देत नाहीत. आपल्या बाबतीत तर याहून गंभीर बाब आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणे हाही गुन्हा ठरवला असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. तो ईमेल उत्तर न देता काढून टाका.

प्रश्न : ॲडसेन्सने पोस्टाने पाठवलेला पिन दोन महिने झाले तरी आला नाही. आमच्या वाडीत घरांना क्रमांक नाहीत. काय करावे? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याची खात्री करण्यासाठी हा पिन साध्या टपालाने पाठवला जातो, आणि चार महिन्यांत तो नोंदवला नाही तर जाहिराती दिसणे थांबते. आपल्या हाती अजून वेळ आहे. खात्यातला पत्ता आधी नीट करा. पहिल्या ओळीत घराच्या क्रमांकाच्या जागी घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना पोस्टमन नावाने ओळखतो त्यांचे नाव, मग वाडी, दुसऱ्या ओळीत मुक्काम आणि ज्या पोस्टातून टपाल वाटले जाते त्याचे नाव, नंतर तालुका, जिल्हा आणि पिनकोड, असे लिहा. खाते मात्र बँक खात्यावर जसे आहे त्याच नावाने हवे. पत्ता सुधारल्यावर नवा पिन मागवा आणि तीन आठवडे वाट पाहा. तोवर पोस्टात जाऊन असे पाकीट येणार आहे हे सांगून ठेवा. परदेशी छापाचे पातळ पाकीट पत्रक समजून बाजूला पडलेले मी स्वतः पाहिले आहे. पैसे जमा होऊ लागले की परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची पावती बँकेकडून मागून घ्या आणि विवरणपत्र भरताना ती जवळ असू द्या.