हाय रिझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर सारख्या वस्तुमानाचे रेणू कॉलमशिवाय ओळखता येतात का?

नाही. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंचं वस्तुमान मोजतो; त्याआधी मिश्रणातले रेणू एकेक करून सुटे करणारी नळी, म्हणजे कॉलम, लागतोच. "एवढं महागाचं यंत्र घेतलंय, आता कॉलम कशाला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की तुमचा प्रश्न बघून राहवलं नाही.

'सारखं वस्तुमान' म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. अमिनो आम्लंच घ्या: ल्यूसिन १३१.०९४६ आणि हायड्रॉक्सिप्रोलिन १३१.०५८२. दोन्ही १३१ म्हणायचे, पण ०.०३६ चा फरक आहे आणि चार हजारांच्या आसपास रिझोल्यूशन (जवळजवळची वस्तुमानं वेगळी दाखवण्याची क्षमता) असेल तर तो दिसतो. इथपर्यंत तुमचं नवं यंत्र कामाचं. पण ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि अलोआयसोल्यूसिन या तिघांतही सहा कार्बन, तेरा हायड्रोजन, एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. तिथे दशांश चिन्हापुढे कितीही अंक मोजा, फरक येणारच नाही, कारण तो नाहीच.

मी नवजात बाळांच्या स्क्रीनिंगच्या लॅबमध्ये बरीच वर्षं टॅन्डेमवर होते, म्हणजे आयन निवडून, फोडून त्याचे तुकडे मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर. टाचेतून घेतलेल्या रक्ताचा ठिपका फिल्टर पेपरवर येतो. त्यातून तीन मिलिमीटरची चकती पंच करायची, अर्क काढायचा आणि कॉलम न लावता थेट यंत्रात सोडायचा. दोनेक मिनिटांत एक बाळ होतं. १३२ चा आयन (१३१ च्या रेणूवर एक प्रोटॉन चढून झालेला भारित कण) निवडायचा, फोडायचा आणि ८६ चा तुकडा मोजायचा. हा ८६ ल्यूसिन देतं, आयसोल्यूसिन देतं, अलोआयसोल्यूसिन देतं आणि हायड्रॉक्सिप्रोलिनही देतं. साध्या ट्रिपल क्वाडला, म्हणजे कमी रिझोल्यूशनच्या नेहमीच्या टॅन्डेम यंत्राला, हे चौघे एकच. म्हणजे रिपोर्टवर 'ल्यूसिन' म्हणून जो आकडा छापला जातो, ती या चौघांची बेरीज असते.

एका बाळाचा हा आकडा खूप वर आला. मेपल सिरप युरिन डिसीज या जन्मजात आजाराची शंका, म्हणजे सगळ्यांची धावपळ. पण व्हॅलिन हे आणखी एक अमिनो आम्ल अगदी नॉर्मल होतं. त्या आजारात ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन तिन्ही मोडणारं एन्झाइम बिघडलेलं असतं, त्यामुळे व्हॅलिनही सहसा वर जातं. मी तिथल्या तिथे सरांना म्हटलं, सर, त्याच ठिपक्यातून दुसरी चकती काढते, पलीकडच्या एलसीवर (लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर) कॉलम लावून चालवते, संध्याकाळपर्यंत कळेल. सर म्हणाले, "यंत्राने दाखवलंय ना? मग लिहा." आणि वर, "कॉलम लावत बसलो तर दिवसाचे नमुने निम्म्यावर येतील."

रिपोर्ट गेला, आजाराच्या नावासकट. आईचं दूध बंद झालं. आठवडाभराचं, व्यवस्थित पिणारं, रडणारं बाळ घेऊन ते घर तालुक्याच्या गावाहून रातोरात शहरात आलं. दुसऱ्या लॅबने कॉलमवर अमिनो आम्लं वेगळी करून पाहिली, तेव्हा ल्यूसिन ठीक निघालं, अलोआयसोल्यूसिनचा पत्ता नाही, आणि हायड्रॉक्सिप्रोलिन मात्र भरमसाट. हायड्रॉक्सिप्रोलिनेमिया, म्हणजे रक्तात हायड्रॉक्सिप्रोलिन वाढणं, निरुपद्रवी समजतात. त्याला उपचारही लागत नाहीत. त्या आईचा फोन मीच घेतला होता. "मग आम्हाला असं का सांगितलं?" या प्रश्नाला माझ्याकडे देण्यासारखं उत्तर होतं, पण ते फोनवर द्यायची मला परवानगी नव्हती.

सरांचा नमुन्यांचा हिशोब मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. प्रत्येक नमुन्याला कॉलम लावा असं कोण म्हणत होतं? पहिल्या फेरीत जे वर येतील तेवढ्यांनाच लावायचा. त्या महिन्यात अशी बाळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांना वीस-वीस मिनिटं दिल्याने कुठली लॅब बुडते?

तुमच्या यंत्राबद्दल. फक्त ८६ वर विसंबू नका. आयन पुढे फोडला की आयसोल्यूसिन ६९ चा तुकडा जोरात देतं, ल्यूसिन तो अगदी कमी देतं, त्याचा कल ४४ आणि ४३ कडे. हायड्रॉक्सिप्रोलिन ६८ देतं. पण आयसोल्यूसिन आणि अलोआयसोल्यूसिन यांच्यात फक्त एका कार्बनवरची मांडणी उलटी असते. तुकडे जवळपास तेच. आणि मेपल सिरप युरिन डिसीजचं निदान तर नेमकं अलोआयसोल्यूसिनवर होतं: रक्तात लिटरला ५ मायक्रोमोलच्या वर गेलं की आजार पक्का धरतात. तिथे कॉलमला पर्याय नाही. आयन मोबिलिटीवाले येतील सांगायला. आकारावरून वेगळं करण्याची ती पद्धत चांगली आहे, पण रक्तातल्या एवढ्या थोड्या अलोआयसोल्यूसिनसाठी मी कॉलमच लावीन.

हां, एक सांगायलाच हवं. व्हॅलिन नॉर्मल दिसलं म्हणून गप्प बसायचं नाही. पहिल्या काही दिवसांत खऱ्या आजारातही ते फारसं चढलेलं नसू शकतं, आणि खऱ्या आजारात दोन-तीन दिवसांचा उशीर मेंदूला महागात पडतो. डॉक्टरांना फोन लगेच करायचा, बाळ कसं आहे ते विचारायचं. फक्त 'ल्यूसिन वाढलंय' न म्हणता '१३२ ची बेरीज वाढलीय, कॉलमचा निकाल आज येतोय' असं म्हणायचं.

आणि कॉलम लावाल तेव्हा आयसोल्यूसिन आणि अलोआयसोल्यूसिन दोन्हींची स्टँडर्ड (शुद्ध नमुने) एकत्र चालवून आलेखावरचे त्यांचे पीक, म्हणजे उंचवटे, खरंच सुटे होतात का ते आधी बघा. दोघं खूप जवळ येतात. नुसतं ल्यूसिन सुटं झालं म्हणून भागत नाही.