विचारा यंत्रांविषयी : पाना हाती घेण्यापूर्वी

या खेपेला आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. त्यांपैकी तीन पत्रांत एक वाक्य थोड्याफार फरकाने सारखेच आहे : ‘सेटिंग बदलून पाहिले किंवा बदलायला सांगितले आहे.’ काल नीट चालणारे यंत्र आज चालेनासे झाले, तर त्याची मांडणी रातोरात आपोआप बदलली असण्याची शक्यता फार थोडी असते. बहुधा काहीतरी झिजलेले, सैल झालेले किंवा वाकलेले असते, नाहीतर भोवतालची परिस्थिती पालटलेली असते. ते न शोधता बोल्ट फिरवला की मूळ दोष झाकला जातो आणि त्यावर दुसरा चढतो. पुढील उत्तरे या दृष्टीने वाचावीत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर आमचे चादरीचे आठ जॅकार्ड माग आहेत. मार्चअखेरपासून त्यांतील दोन मागांवर धोटा (आडवे सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा) कडेच्या पेटीत नीट बसत नाही आणि माग दणका देऊन थांबतो. जॉबरने (मागाची जुळणी करणाऱ्या कारागिराने) पिकिंगचा, म्हणजे धोटा फेकण्याचा, जोर वाढवला, तेव्हा दोन दिवस बरे गेले. आता दणका आहेच, शिवाय धोट्यातील कांडीवरचे सूत घसरते, महिन्यात तीन पिकर (धोट्याला ठोकर देणारे भाग) फुटले आणि दुपारच्या पाळीत ताण्याचे (उभे) धागे फार तुटतात. माग जुने झाले म्हणून विकून टाकावेत का?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपल्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांतील निदान एक तरी पिकिंगचा जोर वाढवल्यामुळे निर्माण झालेली आहे.

माग दणका देऊन थांबतो याचा अर्थ एवढाच, की फणी आडवा धागा ठोकायला पुढे येते त्या क्षणी धोटा पेटीत जागेवर नव्हता. तो जागेवर नसण्याची कारणे मात्र दोन असतात आणि ती एकमेकांच्या अगदी उलट असतात. एक तर धोटा उशिरा पोचला, किंवा वेळेत पोचला, पिकरवर आपटला आणि उसळून मागे आला. पहिल्या प्रकारात जोर वाढवला तर फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात जोर वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. धोट्याचा वेग दहा टक्के वाढला, तर पेटीला शोषावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पिकर फुटणे आणि कांडीवरचे सूत धक्क्याने घसरणे ही दोन्ही जोर जास्त झाल्याची लक्षणे आहेत.

कोणता प्रकार आहे हे ओळखण्यासाठी एक साधा उपाय करावा. दोन्ही बाजूंच्या पिकरच्या तोंडाला खडू फासावा, माग सुरू करावा आणि दणका बसून तो थांबला की हात न लावता आधी धोटा कोठे आहे ते पाहावे. धोट्याच्या टोकावर ज्या पिकरचा खडू ताजा उमटला आहे त्याच्यापासून धोटा बोटभर अलीकडे उभा असेल, तर तो उसळला आहे असे समजावे. खडू उमटलाच नसेल आणि धोट्याचा मागचा भाग अजून ताण्यात असेल, तर तो उशिरा पोचला आहे.

धोटा उसळत असेल, तर सर्वप्रथम जॉबरने वाढवलेला जोर पूर्वीच्या खुणेवर आणावा. नंतर पेटीतील स्वेल तपासावी. धोट्याला पेटीत दाबून धरून त्याचा वेग मोडण्याचे काम तिचे असते. तिचे चामडे झिजून गुळगुळीत झाले असेल, त्यावर तेल उडाले असेल किंवा तिची स्प्रिंग ढिली पडली असेल, तर पकड सुटते. आपली तक्रार मार्चअखेरीस सुरू झाली, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात लाकडी धोटा किंचित आकसतो आणि चामडे कडक होते. जानेवारीत घट्ट बसणारा धोटा एप्रिलमध्ये त्याच पेटीत सैल वाटावा, यात यंत्राचा दोष नाही.

धोटा उशिरा पोचत असेल, तर आधी पट्टा पाहावा. पिकिंगचा जोर मागाच्या वेगावर अवलंबून असतो. पट्टा घसरून माग मंदावला की धोटाही मंदावतो. विजेचा दाब उतरतो त्या वेळी दणके वाढतात का, याची दोन दिवस वहीत नोंद ठेवावी. त्यानंतर ताणा पूर्ण उघडतो का, लोंबणारा तुटका धागा धोट्याच्या वाटेत येतो का, हे पाहावे. वेळ जुळवण्याचा क्रम सर्वांत शेवटी येतो. बहुतेक साध्या मागांवर क्रँक तळाशी येण्याच्या सुमारास पिकिंग सुरू होते आणि क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे तळशाफ्टची एक फेरी होते, म्हणजे तळशाफ्टच्या एका फेरीत धोटा दोन्ही बाजूंनी एकेकदा फेकला जातो, म्हणून तपासणी नेहमी हाताने माग फिरवून दोन्ही बाजूंच्या पिकिंगची करावी. एका बाजूचे जुळवून थांबणाऱ्या जॉबरला पुन्हा बोलवावेच लागते. बोल्ट सोडण्यापूर्वी छिन्नीने किंवा रंगाने खूण करणे हा गिरण्यांच्या काळातील जॉबरांचा नियम होता. आता फोटो काढता येतो, पण खूण यंत्रावर राहते आणि फोटो जॉबरबरोबर निघून जातो.

ताण्याचे धागे तुटण्याचा संबंध मात्र मागाशी कमी आणि हवेशी अधिक आहे. कापसाचा धागा ओलाव्याने बळकट होतो, तर कोरड्या हवेत धाग्यावरील कांजीचा थर कडक होऊन तडकतो. सुती विणकामासाठी शेडमधील आर्द्रता ७५ ते ८५ टक्के असावी असे मानतात, आणि मे महिन्यातील दुपारी पत्र्याखाली ती याच्या निम्मीही नसते. भिंतीवर दोन थर्मामीटर टांगावेत आणि एकाच्या फुग्याला ओली वात बांधावी. कोरडा ३५ अंश आणि ओला ३१ अंश दाखवत असेल, तर आर्द्रता सुमारे ७५ टक्के आहे. ओला २५ अंशांवर उतरला, तर ती सुमारे ४५ टक्के आहे. फरशीवर पाणी मारणे, खिडक्यांना ओली गोणपाटे लावणे किंवा फवारे बसवणे यांपैकी परवडेल ते करावे. मात्र पाणी थेट बीमवर (ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळावर) उडू देऊ नये. कांजी चिकट होऊन धागे एकमेकांना धरतात. मोटर आणि स्टार्टर पाण्यापासून दूर ठेवावेत, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आमच्या टेरी टॉवेलच्या मागावर बीम भरलेला असताना लूप (टॉवेलवरचा धाग्याचा फासा) उत्तम येते, बीम संपत आला की ती आखूड होत जाते. काय बिघडले असेल?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : काहीही बिघडलेले नाही. आपल्या मागावर लूपच्या बीमला वजन आणि दोराचा ब्रेक असावा. ब्रेकची पकड तीच राहते, पण बीमचा घेर कमी होत जातो, त्यामुळे धाग्यावरील ताण वाढत जातो. त्रिज्या निम्मी झाली की ताण दुप्पट होतो. टेरीमध्ये दोन-तीन आडवे धागे मागे राखून मग एकदम ठोकले जातात आणि त्या वेळी सैल ताणा पुढे सरकून लूप उभी राहते. तो ताणा सैल नसेल, तर लूप उभी राहणार नाही. बीमवर तीन-चार टप्प्यांच्या खुणा करून प्रत्येक टप्प्याला वजन उतरवावे. पाना आणि वजन हाती घ्यावे असे यंदाच्या पत्रांतील हे एकच काम आहे.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमच्या बोअरवर पाच अश्वशक्तीचा थ्री-फेज सबमर्सिबल पंप आहे. गेल्या महिन्यापासून तो दहा-पंधरा मिनिटे चालून स्टार्टर सोडतो. शेजारी म्हणतात, रिलेचा आकडा वाढवा. वायरमन म्हणतो, मोटर जळत आली आहे, वर काढा. कोणाचे ऐकावे?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. रिले हा अँपिअर वाढले की स्टार्टर सोडवणारा मोटरचा पहारेकरी आहे. तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बंद केले, तर चोर आत येतोच. रिलेचा आकडा मोटरच्या नावपट्टीवर लिहिलेल्या अँपिअरशी जुळलेला असावा, त्याहून वर नेऊ नये. मोटर वर काढणे म्हणजे माणसे, वेळ आणि पाइप हलवण्याचा खर्च. तो निदान झाल्यावरच करावा.

वायरमनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलवावे आणि पंप चालू असताना तिन्ही फेजचे अँपिअर व फेजांमधील व्होल्ट लिहून घ्यावेत. व्होल्टमधील असमतोल एक टक्का असला, तरी अँपिअरमधील असमतोल सहा ते दहा टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे व्होल्टचा लहान दिसणारा फरकही सोडून देऊ नये. एका फेजला अँपिअर जास्त आढळले, तर दोष लाइनचा की मोटरचा, हे मोटर न काढताही कळू शकते. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक जागा पुढे सरकवाव्यात : पहिली दुसऱ्या जागी, दुसरी तिसऱ्या जागी, तिसरी पहिल्या जागी. तिन्ही एकत्र सरकवल्याने मोटरची फिरण्याची दिशा बदलत नाही. दोनच वायरींची अदलाबदल केली, तर मात्र ती उलटी फिरते आणि पाणी कमी येते. आता पुन्हा मोजावे. जास्त अँपिअर त्याच लाइनच्या फेजवर राहिले, तर दोष पुरवठ्यात, फ्यूजमध्ये किंवा स्टार्टरच्या सैल स्क्रूमध्ये आहे. ते वायरीबरोबर पुढे सरकले, तर दोष केबल, जॉइंट किंवा मोटर यांच्यात आहे, आणि मगच पंप वर काढावा.

तिन्ही फेज समान आणि नावपट्टीवरील आकड्याच्या आत असतील, तरीही स्टार्टर सुटत असेल, तर पेटी कोठे टांगली आहे ते पाहावे. साधा रिले उष्णतेने वाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर चालतो. लोखंडी पेटी दुपारच्या उन्हात तापली की पट्टी आधीच अर्धी वाकलेली असते. पंप रात्रपाळीत तासन् तास चालतो आणि दुपारीच सुटतो, असा आपला अनुभव असेल, तर पेटीवर सावली करणे एवढाच उपाय आहे. याउलट बोअरमधील पाणी खाली गेले असेल, तर अँपिअर वाढत नाहीत, घटतात. साधा रिले अशा वेळी गप्प बसतो आणि पंप कोरडा चालून खराब होतो, म्हणून पाणी तुटक येत असल्यास त्यासाठी वेगळे संरक्षण बसवावे.

प्रश्न : मी आयटीआय करून चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यात वेल्डिंग रोबोटवर काम करतो. आठवडाभराच्या बंदनंतर बॅटरीचा इशारा आला, म्हणून पुरवठा बंद ठेवून बॅटरी बदलली. मग रोबोट आपली जागा विसरला. सांध्यांवरील खुणा डोळ्यांनी जुळवून तो सुरू केला, तर वेल्ड सुमारे तीन मिलिमीटर बाजूला पडते. वरिष्ठ सांगतात, सगळे बिंदू (रोबोटने टॉर्च नेण्याच्या जागा) नव्याने शिकव. दोनशेच्या वर बिंदू आहेत.
– एक तरुण तंत्रज्ञ

उत्तर : दोनशे बिंदू शिकवण्यापूर्वी वरिष्ठांना हे उत्तर दाखवावे. सांध्यांचे एन्कोडर (सांधा किती फिरला हे मोजणारे भाग) आपली स्थिती त्या छोट्या बॅटरीच्या आधारे लक्षात ठेवतात. ती बॅटरी कंट्रोलरचा पुरवठा चालू ठेवून आणि इमर्जन्सी स्टॉप दाबून बदलायची असते, म्हणजे स्मृती टिकते आणि रोबोट हलतही नाही. आता डोळ्यांनी खूण जुळवताना एका सांध्यात दोन दशांश अंशाची चूक राहिली, तर त्या सांध्यापासून एक मीटर अंतरावरील वेल्डिंग टॉर्चच्या टोकाला ती सुमारे साडेतीन मिलिमीटर होते. आपला तीन मिलिमीटरचा फरक याच घरातील दिसतो.

तरीही खात्री करून घ्यावी. सर्व बिंदू एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकले असतील, तर जॉब धरणारे फिक्स्चर हलले आहे. टॉर्च वळवल्यावर चुकीची दिशाही तिच्याबरोबर वळत असेल, तर टॉर्च वाकलेली आहे; एक टोकदार खिळा उभा करून त्याच्या टोकाभोवती टॉर्च वेगवेगळ्या कोनांत फिरवली की हे लगेच दिसते. आणि हात जवळ असताना चूक कमी, लांबवल्यावर जास्त, अशी प्रत्येक ठिकाणी वेगळी असेल, तर एखाद्या सांध्याचे शून्य, म्हणजे कोन मोजण्याची मूळ जागा, चुकले आहे. ते शून्य निर्मात्याने दिलेल्या पिनने किंवा गेजने पुन्हा बसवावे. ही तपासणी टीच मोडमध्येच करावी, जेथे वेग सेकंदाला २५० मिलिमीटरपर्यंत मर्यादित असतो. चुकीच्या शून्यावर नवे बिंदू शिकवले, तर पुढे कधी कोणी शून्य बरोबर बसवील, त्या दिवशी ते सगळे चुकतील. जुन्या प्रोग्रामची प्रत मात्र आजच काढून ठेवावी.

प्रश्न : चार इंची ग्राइंडरमध्ये ठिणग्या मागच्या बाजूने येतात. आणि गार्ड काढून त्याला लाकूड कापायचे पाते लावले तर चालेल का?
– एक सुतार वाचक, बार्शी

उत्तर : मागच्या जाळीतून दिसणाऱ्या ठिणग्या बहुधा झिजलेल्या कार्बन ब्रशच्या असतात. दोन्ही ब्रश एकाच वेळी बदलावेत आणि नवे ब्रश सहज सरकतात ना, हे पाहावे. नवे ब्रश बसूनही ठिणग्यांचे कडे पूर्ण फिरत राहिले, तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) दुकानात दाखवावे.

पात्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हा ग्राइंडर मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेतो. त्यावर दातेरी पाते लाकडात अडकले की यंत्र हातातून उसळते, आणि तेव्हा गार्ड नसतो. लाकडासाठी करवतीचे यंत्र घ्यावे. ग्राइंडरच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेले असते. ती तारीख उलटली असेल, तर चकती न वापरलेली असली, तरी टाकून द्यावी.