वाचक विचारतात : ते ६५ ते ८८ नंबरवाले सॅटेलाइट कुणाचे?

प्रश्न : मोबाइलवर जीपीएस टेस्टचं ॲप टाकलंय, त्यात ६५ ते ८८ मधल्या नंबरचे काही सॅटेलाइट दिसतात. मित्र म्हणतो ते रशियाचे. मग ते रशियाच्या वर असायला हवेत ना, इथे नाशिकवर काय करतायत?

उत्तर : मित्र बरोबर बोलतोय, ते ग्लोनासचे, म्हणजे रशियाच्या जीपीएससारख्या यंत्रणेचे आहेत. पण रशियाच्या डोक्यावर ठाण मांडून बसायची सोयच नाही हो, एका जागी स्थिर दिसणारा सॅटेलाइट फक्त विषुववृत्तावर, तोही साधारण ३६,००० किमी उंचीवर ठेवता येतो. ग्लोनासवाले १९,१०० किमीवरून अख्ख्या पृथ्वीला चकरा मारतात, तीन कक्षा आणि प्रत्येकीत आठ, असे २४. पहिला सोडला १९८२ मध्ये. विषुववृत्ताशी कक्षेचा कल ६४.८ अंश, जीपीएसचा ५५, कारण रशिया पडला पार उत्तरेला, तिकडे सॅटेलाइट जास्त वरपर्यंत जायला हवेत.

खरी गंमत वेळेत आहे. एक फेरी ११ तास १५ मिनिटं ४४ सेकंदांची, म्हणजे ८ दिवसांत (ताऱ्यांच्या हिशोबाचे दिवस, २३ तास ५६ मिनिटांचे) बरोबर १७ फेऱ्या. जीपीएसवाला दिवसाला नेमक्या दोन फेऱ्या मारतो त्यामुळे रोज त्याच भागावरून जातो, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातल्या उंचसखलपणाचा तोच तोच धक्का साठत जातो आणि मग अधूनमधून त्याला जागेवर आणावं लागतं. ग्लोनासचा मार्ग रोज सरकतो म्हणून ही कटकट नाही. आणि आज जिथे एक होता तिथे उद्या चार मिनिटं आधी त्याच कक्षेतला शेजारी हजर! मला तर हा हिशोब लई भारी वाटतो.

फ्रिक्वेन्सीचं डोकं वेगळंच. जीपीएसचे सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर, फक्त कोड (सिग्नलमधली ओळखखूण) वेगवेगळा. ग्लोनासमध्ये उलटं, कोड एक आणि चॅनल म्हणजे फ्रिक्वेन्सी वेगळी, १६०२ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला ०.५६२५ च्या अंतराने. रिसीव्हर बनवणाऱ्यांना हा तापच, म्हणून २०११ पासूनच्या के मालिकेतल्या ग्लोनास सॅटेलाइटना जीपीएससारखा कोडवाला सिग्नलही दिलाय. पण चॅनल १४ आणि सॅटेलाइट २४, मग भागवलं कसं? कक्षेत एकमेकांच्या बरोब्बर समोर असलेल्या दोघांना एकच चॅनल, मध्ये पृथ्वी असल्याने जमिनीवरून दोघं एकदम दिसतच नाहीत.

ॲपमधल्या नंबरातून ६४ वजा करा, कक्षेतला नंबर मिळेल. १ ते ८ पहिली कक्षा, ९ ते १६ दुसरी, पुढचे तिसरी. ६५ आणि ६९ म्हणजे १ आणि ५, अशीच समोरासमोरची जोडी, दोघांचा सिग्नल एकाच वेळी मिळतोय का बघा.