नाणं कोणतं घ्यायचं ते तीन वर्षांनी ठरवू

पत्र असं आहे: ‘वय ४९, नोकरी करतो. नऊ वर्षांपासून दुर्मिळ नाणी जमवतो आहे. आजवर १४ लाख घातले. ज्या व्यापाऱ्याकडून घेतो, त्याच्या यंदाच्या मूल्यपत्रकाप्रमाणे त्यांचे ३१ लाख झालेत. आता १२ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी पाच लाखांचं कर्ज काढतो आहे. त्यात वरच्या ग्रेडचं (प्रतीचं) एकच जुनं नाणं घ्यावं की मध्यम ग्रेडची पाच? सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, शिवाय सहा लाखांची ठेव आहे. तीन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला २० लाख लागतील, ते नाणी विकून सहज उभे राहतील. नाणी मी दरवर्षी स्वतः पॉलिश करतो. खरेदीच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पाच मध्यम नाण्यांपेक्षा एक चांगलं नाणं केव्हाही बरं. ते टिकतं आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईकही लवकर मिळतं. पण ते आत्ता घेऊ नका आणि कर्ज काढून तर मुळीच नको. कारण ‘सहज उभे राहतील’ हे तुमचे तीन शब्द. तुम्ही ज्यावर मुलीचं शिक्षण उभं केलंय, तो ३१ लाखांचा आकडा विकणाऱ्यानेच लिहून दिलेला आहे.

त्या मूल्यपत्रकाची परीक्षा घ्यायला एक फोन पुरे. व्यापाऱ्याला म्हणा, याच भावाने सगळी नाणी या महिन्यात रोखीने परत घ्या. ‘सध्या बाजार मंद आहे, माझ्याकडे ठेवा, गिऱ्हाईक आलं की कळवतो’ असं उत्तर आलं, तर तो कागद फाईलमधून काढून टाका.

आता पावत्यांकडे वळू. १४ पैकी सहा लाख नव्या स्मारक-संचांत, म्हणजे एखाद्या प्रसंगानिमित्त काढलेल्या नाण्यांच्या संचांत गेलेत. मखमली डबी, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, ‘मर्यादित आवृत्ती’. अहो, आवृत्ती कोणीही मर्यादित करू शकतो. घेणारे किती आहेत ते महत्त्वाचं. तुमच्याच पावत्यांवर वजन आणि शुद्धता छापलेली आहे. हिशेब केला तर धातूचे जेमतेम तीन लाख होतात. उरलेले तीन लाख डबी, प्रमाणपत्र आणि विक्रेत्याच्या नफ्याचे. हे दुर्मिळ नाणं म्हणून तुमच्या गळ्यात मारलं गेलं, याचा मला खरोखर राग येतो.

राहिली आठ लाखांची जुनी नाणी. ही खरी आहेत आणि निवडही वाईट नाही. पण दुकानात शंभरला मिळणारं नाणं तोच दुकानदार तुमच्याकडून सत्तरच्या आसपास घेतो. लिलावातही कापाकापी असतेच: घेणारा हातोड्याच्या भावावर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, साधारण वीस टक्के जादा भरतो, विकणाऱ्याच्या पदरातून आणखी दहाएक टक्के जाऊ शकतात. म्हणजे समोरच्याने १२० मोजले, तर तुमच्या हाती ९०. सत्तरच्या हिशेबाने मुद्दल सुटायलाच भाव ४३ टक्के चढायला हवा. वर्षाला सहा टक्के धरले तर त्यालाच सहा वर्षं लागतात.

कर्जाचं गणित तर याहून कडक आहे. पाच लाखांवर तीन वर्षांत व्याज सुमारे एक लाख. ते नाणं तुम्हाला सहा लाखांना पडलं. लिलावात विकताना चौथा हिस्सा कापला जाणार (१२० चे ९०), म्हणून त्याचा बाजारभाव आठ लाख झाला तरच तुम्ही बरोबरीत. तीन वर्षांत साठ टक्के, म्हणजे वर्षाला सतरा!

आता जगातलं सगळ्यात गाजलेलं नाणं घ्या, अमेरिकेचं १९३३ चं डबल ईगल, दर्शनी किंमत वीस डॉलर. साडेचार लाखांच्या जवळपास पाडली गेली होती, पण जवळजवळ सगळी वितळवली गेली. खासगी मालकीसाठी कायदेशीर ठरलेलं त्यातलं एकमेव नाणं २००२ मध्ये सुमारे ७६ लाख डॉलरला आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाखांना गेलं. बातमीत हे आकडे डोळे दिपवतात. पण १९ वर्षांत अडीच पट म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के, तेही खर्च वजा न करता. २०१३ मध्ये एक कोटी डॉलरवर गेलेला १७९४ चा चांदीचा डॉलर २०२० मध्ये पुन्हा लिलावात आला, तेव्हा मालकाने ठरवलेल्या राखीव किमतीपर्यंत बोलीच पोचली नाही आणि तो न विकता परत गेला. असं नाणं हव्या त्या तारखेला विकलं जात नाही आणि कॉलेजची फी मात्र ठरल्या तारखेलाच भरावी लागते.

म्हणून आधी २० लाखांचं बघू. कर्जाचा हप्ता दरमहा साडेसोळा हजारांच्या घरात गेला असता. तो झेपणार असं तुम्ही ठरवलंच होतं. तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत टाका. तीन वर्षांत साडेसहा लाख होतील. सात टक्के व्याज धरलं तर सहा लाखांची ठेव सव्वासातच्या पुढे जाईल. हे झाले चौदा. स्मारक-संच धातूच्या भावाने मोडून तीन, आणि जुन्या नाण्यांतली तुम्हाला कमी आवडणारी विकून तीन. ही विक्री आत्ता सुरू करा, घाई नसताना, तीन-चार ठिकाणी भाव विचारून. पैसे आले की तेही ठेवीत. आवडती नाणी तुमच्याकडेच राहतात, तेवढी राहायलाच हवीत.

आता पॉलिश. मीही वीसेक वर्षं नाणी जमवते, म्हणून हे वाचताना पोटात कालवलं. एखादं चांदीचं नाणं कडेने धरून दिव्याखाली सावकाश तिरकं फिरवा. न वापरलेल्या, न घासलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गरगर फिरतो. पॉलिश केलेलं नाणं सगळीकडून सारखंच चमकतं आणि जवळून पाहिलं की केसाएवढे बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात. टांकसाळीत ठशाखाली धातू पसरताना आलेली ती मूळ चकाकी घासून गेली की परत आणता येत नाही. १ ते ७० अशा ज्या मापावर नाण्यांची प्रत ठरते, त्यात घासलेल्या नाण्याला बहुधा आकडाच मिळत नाही, ‘साफ केलेलं’ एवढाच शेरा मिळतो आणि भाव निम्म्यावरही येऊ शकतो. काळवंडलेलं असेल तर काळवंडलेलंच राहू द्या. मऊ पीव्हीसीच्या पिशव्याही काढून टाका. माझं एक तांब्याचं नाणं अशा पिशवीत चार वर्षांत हिरवट, चिकट होऊन गेलं. विकणाऱ्याने ती पिशवी ‘खास नाण्यांची’ म्हणून दिली होती.

चांगला संग्राहक व्हायचं असेल, तर ही तीन वर्षं खरेदी बंद ठेवून एकाच मालिकेचा अभ्यास करा. लिलावांचे जुने निकाल चाळा, मागितलेले भाव नव्हे, मिळालेले. ग्रेड विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. १९८६-८७ पासून पीसीजीएस, एनजीसी अशा संस्था नाण्यांची खरेदी-विक्री न करता फक्त प्रत तपासून नाणं सीलबंद करून देतात. आणि जुनं ते महाग, हे डोक्यातून काढा. दीड हजार वर्षांहून जुनी रोमन तांब्याची नाणी ढिगाने सापडतात, म्हणून स्वस्त मिळतात. अमेरिकेचा १९०९ चा एस-व्हीडीबी सेंट (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ, व्हीडीबी ही नाणं घडवणाऱ्या कलाकाराची आद्याक्षरं) तब्बल ४ लाख ८४ हजार पाडला गेला, तरी महाग आहे, कारण त्या मालिकेचा संच पुरा करणाऱ्या प्रत्येकाला तो हवा असतो.

या नाण्यांची यादी घरात कोणाकडे आहे, ते पत्रात कुठेच नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी पत्नी आणि मुलीला शेजारी बसवा. एकेका नाण्यापुढे कधी घेतलं, कितीला घेतलं, पावती कुठे आहे आणि विकायचं झालं तर कोणत्या दोन-तीन ठिकाणी विचारायचं, एवढं वहीत लिहा. कुठली विकायची आणि कुठली ठेवायची, त्या खुणाही तिघांनी मिळूनच करा.